ड जीवनसत्त्व : आधी हौद रिकामा की आधी आग?

न्यूमोनियाने बेजार झालेला रुग्ण इस्पितळात दाखल होतो. त्याचे रक्त तपासणीसाठी जाते. अहवालातील एक आकडा पुष्कळदा लहान निघतो, तो ड जीवनसत्त्वाचा. दर मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण २० नॅनोग्रॅम तरी असावे अशी अपेक्षा असते. (एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग!) गंभीर संसर्ग झालेल्या कितीतरी रुग्णांत ते याहून बरेच खाली गेलेले आढळते. मग जीवनसत्त्व कमी पडले म्हणून जंतूंचे फावले, असे म्हणावे काय?

तसे म्हणायला आधार आहे. ड जीवनसत्त्व म्हटले की आपल्याला मुडदूस आणि हाडे आठवतात. उन्हातील अतिनील किरण कातडीवर पडले की ते तयार होते. पुढे यकृतात व मग मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन ते कार्यक्षम बनते. रक्तात मोजतात तो यकृतातून आलेला, साठ्याचा प्रकार. पण शेवटच्या प्रक्रियेची सोय केवळ मूत्रपिंडात नसते. जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी आपल्या शरीरात असतात. क्षयाच्या जंतूची चाहूल लागताच या पेशी ड जीवनसत्त्व स्वतःच कार्यक्षम करून घेतात आणि त्याच्या मदतीने ‘कॅथेलिसिडिन’ हे जंतुनाशक द्रव्य बनवतात, असे २००६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. साठा तोकडा असेल तर हे द्रव्यही कमी बनते. प्रयोगशाळेत हे इतके चोख जुळले की, रुग्णाला हे जीवनसत्त्व भरपूर पाजावे, असे कोणालाही वाटेल.

पण जरा थांबा. एक घर जळाले आहे आणि अंगणातला हौद कोरडा पडला आहे. हौद कोरडा होता म्हणून आग भडकली, की आग विझवतानाच हौद आटला?

हा प्रश्न सोडवायला ग्लासगोच्या डॉक्टरांना गुडघ्यांचा उपयोग झाला! गुडघ्याचा सांधा बदलण्यासाठी आलेल्या रुग्णांना संसर्ग नसतो. पण शस्त्रक्रियेनंतर शरीरात दाह मात्र चांगलाच उसळतो. आधीचे आणि नंतरचे रक्त त्यांनी ताडून पाहिले. ड जीवनसत्त्वाची पातळी थोड्याच काळात सुमारे ४० टक्क्यांनी घसरली होती. एवढ्यात त्या माणसांचे ऊन किंवा आहार बदललेला नव्हता. दाहामुळेच आकडा खाली आला होता. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. शिवाय वृद्ध, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ऊनही कमी मिळते आणि संसर्गही लवकर जडतो, ही तिसरी शक्यता राहतेच.

तेव्हा खरी परीक्षा एकच : हौद भरून पाहणे. अमेरिकेतील ४४ इस्पितळांत तसे केले गेले. न्यूमोनिया, रक्तातील जंतुदोष अशा आजारांनी अत्यवस्थ झालेल्या आणि ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाला एकदाच ५,४०,००० एकके दिली; रोजच्या ६०० एककांच्या हिशेबाने ही अडीच वर्षांची शिधासामग्री झाली. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा, पण जीवनसत्त्व नसलेला द्रव दिला. तिसऱ्या दिवशी पहिल्या गटाची सरासरी ४७ नॅनोग्रॅमच्या आसपास गेली, दुसऱ्याची ११ वर राहिली. हौद भरला! आणि आग? ९० दिवसांत पहिल्या गटातील २३.५ टक्के, तर दुसऱ्यातील २०.६ टक्के रुग्ण दगावले. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. फायदा मात्र दिसला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग आग लागण्यापूर्वीच हौद भरून ठेवला तर? मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षे हा प्रयोग झाला. बहुतेकांची पातळी २० च्या खाली होती. निम्म्यांना दर आठवड्याला ड जीवनसत्त्व मिळाले. २०२० साली निष्कर्ष आले : क्षयजंतूंचा संसर्ग त्यांच्यापैकी ३.६ टक्क्यांना झाला, उरलेल्यांत ३.३ टक्क्यांना.

हाडांना या जीवनसत्त्वाची गरज आहे, हे यामुळे खोटे ठरत नाही. कमतरता असलेल्या रुग्णाला डॉक्टर त्याची बेताची मात्रा देतात. बेताची अशासाठी, की दीर्घकाळ अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. आणि जीवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियावर त्याच खाटेवरच्या रुग्णाला प्रतिजैविक द्यावे लागते ते लागतेच.