दोन शेळ्या आणि मक्याचा भाव

एक नाणे व आलेखाचा कागद घ्या. छापा पडला तर एक घर वर, काटा पडला तर एक घर खाली, अशा शंभर नोंदी करा. रेघ चढेल, उतरेल; पण मूळ जागी परतायचे बंधन तिच्यावर नाही. शंभर नोंदींनंतर ती सामान्यतः आठ-दहा घरे दूर गेलेली असते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचे भरकटणे आम्ही वर्गात याच हिशेबाने शिकवतो.

आता शेजाऱ्याला दुसऱ्या नाण्याची रेघ त्याच कागदावर काढू द्या. कित्येकदा दोन्ही रेघा जोडीने चढताना दिसतात. नाण्यांची एकमेकांशी ओळखदेखील नाही, तरी सहसंबंध मात्र घसघशीत! असल्या निरर्थक सहसंबंधांविषयी उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२६ मध्येच सावध केले होते. पिकांचे भाव बरेचदा असेच भटकतात. म्हणून फुलंब्रीचा आणि छत्रपती संभाजीनगरचा मक्याचा भाव एकदमच चढला, एवढ्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही.

मग खरे नाते ओळखावे कसे? दोन शेळ्या एकाच दाव्याने एकमेकींना बांधून माळावर सोडल्या, तर जोडी कुठे जाईल हे सांगता येणार नाही. पण दोघींमधले अंतर दाव्याच्या लांबीपलीकडे जाणार नाही. तेव्हा शेळ्यांच्या जागा सोडा, अंतर मोजा!

बाजारातले दावे म्हणजे व्यापारी आणि त्याचा टेम्पो. समजा, फुलंब्रीहून शहरात माल न्यायला क्विंटलमागे ६० रुपये लागतात आणि शहरातला भाव २०० रुपयांनी जास्त आहे. व्यापारी इथे घेऊन तिकडे विकणारच. इथे मागणी वाढून भाव चढेल, तिकडे आवक वाढून उतरेल, आणि फरक हळूहळू ६० च्या आसपास येईल. भाव भटकोत, फरक परततो. या बांधिलकीला 'को-इंटिग्रेशन' म्हणतात.

तिचा शोधही गमतीदार आहे. भटकणाऱ्या दोन मालिकांतला फरक स्थिर असू शकतो, असे डेव्हिड हेन्ड्री म्हणत. क्लाइव्ह ग्रेंजर यांना ते पटेना. ते हे म्हणणे खोडून काढायला बसले आणि तेच सिद्ध करून उठले! रॉबर्ट एंगल यांच्यासह त्यांनी लिहिलेला पायाभूत लेख १९८७ चा. अर्थशास्त्राचे २००३ चे नोबेल दोघांना मिळाले. एंगल यांना मात्र दुसऱ्या एका कामासाठी.

दावे तुटतेही. रस्ता बंद पडला, लिलाव थांबले किंवा खरेदीदार मोजकेच उरले, की फरक वाढतच जातो. शहरातली तेजी गावच्या शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही. माझ्या मते आजचा भाव किती, याइतकाच वाढलेला फरक किती दिवसांत आवळतो, हा प्रश्नही त्याच्या दृष्टीने मोलाचा आहे.

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजारभाव जाहीर करते. दोन बाजारांचे दोन-तीन वर्षांचे भाव शेजारी-शेजारी लिहा आणि तिसऱ्या रकान्यात फरक मांडून त्याचा आलेख काढा. लिलाव नसलेला दिवस कोरा ठेवा. आणि हो, ओल्या मक्याचा व वाळलेल्या मक्याचा भाव एकाच रकान्यात घालू नका.