पोपटाचं प्रोबायोटिक विकायचंय? आधी त्याच्या वाटीत काय आहे ते विचारा



अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराकडून आनंदनगर एमआयडीसीच्या बाजूला जाताना नवीन इमारतींच्या गॅलऱ्यांकडे बघत जा. कपड्यांच्या दोरीशेजारी बऱ्याच ठिकाणी पक्ष्यांचा पिंजरा टांगलेला दिसतो. कुत्रा सांभाळायला वेळ आणि जागा लागते, बजरीगरची जोडी मात्र वन-बीएचकेमध्येही मावते. या पक्ष्यांना खाणं रोज लागतं, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणार. म्हणून व्हिटॅमिनचे थेंब, कॅल्शियम, प्रोबायोटिक पावडर विकण्याची कल्पना अनेकांना सुचते. धंदा होऊ शकतो, पण कसा करायचा ते नीट समजून घेऊ.

आधी कायदा

गळ्यात कंठी असलेला आपला हिरवा पोपट आणि पहाडी पोपट पाळणं किंवा विकणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. "आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मिठू आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. बजरीगर आणि कॉकटील हे परदेशी वंशाचे पक्षी पाळता येतात. आफ्रिकन ग्रेसारख्या आंतरराष्ट्रीय संरक्षण यादीतल्या पक्ष्यांची नोंद 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. तुम्ही फक्त खाद्य विकणार असलात तरी हे माहीत हवं, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न तुम्हालाच विचारणार. आणि पॅकेटवर किंवा जाहिरातीत हिरव्या पोपटाचा फोटो लावू नका. बेकायदा पाळण्याला तो प्रोत्साहन देतो.

माल कशासाठी लागतो?

बहुतेक घरांत पक्ष्याला नुसतं राळा-बाजरीचं मिश्रण किंवा सूर्यफुलाच्या बिया मिळतात. सूर्यफुलात चरबी भरपूर. आणि नुसत्या बियांमधून व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम पुरेसं मिळत नाही. पूरक आहाराची गरज खरी इथे आहे. पण तिचा अर्धा इलाज भाजीवाल्याकडे मिळतो: गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, ज्याला दुकानात कटल बोन म्हणतात. आणि सकाळचं कोवळं ऊन फुकट. काचेतून आलेलं ऊन मात्र उपयोगाचं नाही, कारण व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण काच अडवते.

"मग मी विकू काय?" असं वाटेल. हा सल्ला द्या, गिऱ्हाईक तुमच्याकडेच टिकेल.

प्रोबायोटिक म्हणजे नक्की काय?

आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना मदत करणारे जिवंत जिवाणू. कोंबड्यांवर यांचा अभ्यास खूप झालाय, पोपटवर्गीय पक्ष्यांवर त्या मानाने फार थोडा. म्हणून "पक्षी बोलायला लागेल", "आजार बरा होईल" असे दावे करू नका. रोग बरा करण्याचा दावा केला की कायद्याच्या नजरेत माल औषध ठरू शकतो, आणि जनावरांचं औषध विकायलाही परवाना लागतो.

मालात जीव आहे, म्हणून तो मरतोही. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या गाळ्यात ठेवलेली पावडर मुदतीआधीच निकामी होऊ शकते. गिऱ्हाईकाला सांगा, पावडर गरम खाण्यात घालू नका. पाण्यात घातली तर ते पाणी काही तासांत बदला. पक्ष्याला अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. दही-भाताची सवय अनेक घरांत आहे, पण पक्ष्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. दही हा प्रोबायोटिकला पर्याय नाही.

बाटली देण्याआधी चार प्रश्न

1. पक्षी कोणता, वजन किती? बजरीगर साधारण 30-40 ग्रॅमचा, कॉकटील 80-100 ग्रॅमचा. इतक्या छोट्या जिवाला एक थेंब जास्त झाला तरी फरक पडतो.
2. सध्या काय खातो? तयार पेलेट खात असेल तर त्यात व्हिटॅमिन आधीच असतात. त्याला वरून व्हिटॅमिन विकू नका. ए आणि डी शरीरात साठतात, जास्त झाली तर विषारी ठरतात.
3. आधीपासून दुसरं काही चालू आहे का? दोन बाटल्यांत एकच घटक असू शकतो.
4. पक्षी फुगून, पिंजऱ्याच्या तळाशी बसतोय का? खाणं बंद, विष्ठा पातळ? मग काहीच विकू नका, त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. पक्षी आजार लपवतात, दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर आधीच काढून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तर मध्य रेल्वेवरच आहे.

चौथ्या प्रश्नावर हातची विक्री जाते, हे खरं. पण पक्षी वाचला तर ते घर तुमचं झालं. आणि तुमची बाटली घेऊन दुसऱ्या दिवशी पक्षी गेला, तर दोष खरा कोणाचा हे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी तपासत बसत नाही.

हिशेब

समजा 40 घरं महिन्याला 400 रुपयांचा माल घेतात आणि तुम्हाला 25 टक्के सुटतात. म्हणजे महिन्याला 4,000 रुपये. आता 200 रुपये खरेदीच्या प्रोबायोटिकच्या दोन बाटल्या मुदत संपून पडून राहिल्या, तर 400 रुपये गेले, म्हणजे चार घरांचा महिन्याचा नफा. म्हणून धान्य हा मुख्य माल, प्रोबायोटिक मागणीनुसार. सुरुवातीला हा जोडधंदाच समजा, नोकरी सोडू नका.

पावसाळ्यात विशेष काळजी. ओलसर हवेत शेंगदाणा आणि मक्याला बुरशी लागते, तिचं विष पक्ष्याचं यकृत खराब करतं. जून ते सप्टेंबर पाव-अर्धा किलोचीच पाकिटं करा. वास आलेला माल सरळ फेका.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. 20 पेक्षा कमी कामगार असतील तर दुकान व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. स्वतः पाकिटं भरणार असाल तर वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी करा. पाकिटावर नाव, पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख आणि तक्रारीसाठी संपर्क छापा. पक्षीही विकायचे असतील तर 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार वेगळी नोंदणी लागते.

या आठवड्याचा गृहपाठ

माल भरण्याआधी पक्षी पाळणारी 10 घरं शोधा. प्रत्येकाला वरचे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. काहीही विकू नका. दहावं घर होईपर्यंत तुमच्या भागात खरंच काय खपेल, हे ती वहीच सांगेल.