जुना लॅपटॉप : दुरुस्त करावा की बदलावा?

समजा, सेनगावातील एका घरी आठ वर्षांचा लॅपटॉप आहे. ताईचे कॉलेज संपले आणि तो धाकट्या भावाकडे आला. सुरू होईपर्यंत चहा उकळून होतो! मध्येच तापतो, बंद पडतो. सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आले आहेत. बाबा विचारतात, "नवा घ्यावा, की हाच दुरुस्त करावा?" तुम्ही काय सांगाल?

डॉक्टर रोग्याला तपासल्याशिवाय औषध देत नाहीत. आपणही आधी दुखणे शोधू. विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी असते. लॅपटॉप रेंगाळत असताना ती उघडा. डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर यांपैकी शंभर टक्क्यांना कोण टेकले आहे, ते तेथे दिसते.

डिस्क टेकली असेल, तर कारण सोपे आहे. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत वाट पाहावी लागते. त्यामुळे विखुरलेली माहिती सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर ठिकाणांहून वाचता येते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. ती हजारो ठिकाणे वाचते. एवढा एक भाग बदलला, तरी जुने यंत्र चपळ होते.

मेमरी म्हणजे रॅम. डिस्क हे कपाट मानले, तर रॅम हे अभ्यासाचे टेबल. टेबल लहान असले की पुस्तके सारखी कपाटात ठेवावी-काढावी लागतात. रॅम वाढवणे म्हणजे टेबल मोठे करणे. मात्र काही लॅपटॉपमध्ये ती पक्की डाकलेली असते. तेथे हा उपाय चालत नाही.

तापण्याचे काय? मळणीची धूळ पंख्याच्या जाळीत बसते. त्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर! जीव वाचवण्यासाठी प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. अशा वेळी साफसफाई हेच औषध.

बॅटरी झिजली असेल, तर ती बदलता येते. पण ती फुगली असेल, तर लॅपटॉप लगेच बंद करा. ती दाबू किंवा टोचू नका. पेट घेण्याचा धोका असतो. उकिरड्यावरही टाकू नका, ई-कचरा संकलनाकडे द्या.

मग नवा केव्हा घ्यावा? मदरबोर्ड जळला असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या चांगल्या यंत्राच्या किमतीजवळ जात असेल तेव्हा. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि अनेक जुन्या प्रोसेसरांना विंडोज ११ चालत नाही. तरीही निराश होऊ नका. मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली अशा यंत्रांवर चालू शकते.

एक मात्र विसरू नका. यंत्र उघडण्यापूर्वी फोटो, वह्या, प्रमाणपत्रे यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. भाग बाजारात मिळतात. हरवलेली माहिती मिळत नाही.

आता सांगा, त्या बाबांना तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल?