गडचिरोलीचीं सत्तेचाळीस गांवें

कागद हातीं आला कीं आपण प्रथम त्याची मिति पाहतों. मितीवांचून कागदाचा न्याय होत नाहीं. वैद्यकांतील नीतिशिक्षणासहि हाच नियम लागतो, हें दाखविण्याचा या टिपणांत आमचा हेतु आहे.

वैद्यक व सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विद्या एकत्र शिकणाऱ्यास दोन धनी असतात. एक म्हणतो, समोरचा रोगी पाहा. दुसरा म्हणतो, हजारीं किती दगावले तें मोज. एरवीं हे भांडत नाहींत. गडचिरोलींत मात्र त्यांची समोरासमोर गांठ पडली.

जुन्या चांदा जिल्ह्याचा हा अरण्यमय भाग १९८२ सालीं निराळा जिल्हा झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हें दांपत्य बाल्टिमोर येथें सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन १९८६ चे सुमारास तेथें आलें व त्यांनीं 'सर्च' ही संस्था चालविली. १९९३ पासून दोन वर्षें त्यांनीं नवजात बालकांच्या मृत्यूंची मोजदाद केली. १९९५ पासून ३९ गांवांत गांवच्याच शिकविलेल्या स्त्रिया घरोघर बाळांची काळजी घेऊं लागल्या. दुसऱ्या वर्षापासून जंतुदोष झालेल्या बाळांस जेंटामायसीनची सुईहि देऊं लागल्या. दुसऱ्या ४७ गांवांत पूर्वीचीच सरकारी व्यवस्था चालली. तेथें जन्ममृत्यु तेवढे नोंदले गेले. ३९ गांवांत हजारीं ६२ हें मृत्यूचें प्रमाण १९९७-९८ पावेतों २५ च्या घरांत आलें. ४७ गांवांत तें ६० च्या आसपासच राहिलें. हा निबंध डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्यें छापला आहे.

मग त्या ४७ गांवांस उपचार कां दिला नाहीं? हा प्रश्न रास्तच आहे. परंतु अल्पशिक्षित स्त्रीच्या हातची सुई बाळास तारील कीं मारील, हें १९९५ सालीं कोणासच ठाऊक नव्हतें. शिवाय तुलनेवांचून सरकारनें ही रीत पत्करिली नसती, असें आम्हांस वाटतें. २०११ सालीं ती देशभरच्या सरकारी कार्यक्रमांत आली. तथापि दोन्हींकडील अंतर जसजसें दिसूं लागतें, तसतसें हें समर्थन विरळ होत जातें. १९९५ चें उत्तर १९९८ सालीं जसेंच्या तसें चालत नाहीं. नोंदवहींतील प्रत्येक ओळ कोणाचें तरी मूल होतें.

म्हणून शिक्षकानें १९९९ चा निबंध विद्यार्थ्यांपुढें एकदम ठेवूं नये. एकेका वर्षाचे आंकडे द्यावे, पुढचे झांकून ठेवावे, आणि दर वेळीं विचारावें: आज तुम्ही थांबाल काय?