खोलीचे घनफळ आणि हवाशुद्धीकरण यंत्राची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

मुंबई महानगरातील हिवाळ्यातील हवेचा प्रश्न अलीकडच्या काळात तीव्र झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेच्या ढासळत्या गुणवत्तेची स्वतःहून दखल घेतली. या पार्श्वभूमीवर हवाशुद्धीकरण यंत्र, म्हणजेच एअर प्युरिफायर, मध्यमवर्गीय घरांतही येऊ लागले आहे. घरात दमा असलेले मूल किंवा श्वसनविकाराने त्रस्त वृद्ध व्यक्ती असेल, तर ही खरेदी हौसेची राहत नाही. काही हजार रुपये खर्चून आणलेले यंत्र खोलीच्या मानाने अपुरे पडले, तर पैसा वाया जातोच. शिवाय ‘यंत्र चालू आहे’ या समाधानात घरातील माणसे निर्धास्त होतात आणि रुग्ण मात्र तीच हवा घेत राहतो. म्हणून खोलीच्या मानाने यंत्र केवढे असावे, हा प्रश्न अभ्यासपूर्वक पाहणे आवश्यक ठरते.

वेष्टनावरील चौरस फुटांचा अर्थ

यंत्राच्या वेष्टनावर ‘३०० चौरस फुटांपर्यंत उपयुक्त’ अशा स्वरूपाचा मजकूर ठळकपणे छापलेला असतो आणि ग्राहक सामान्यतः त्याच आकड्यावर विसंबतो. वस्तुतः हा आकडा यंत्राचा गुणधर्म नव्हे. यंत्राचा खरा गुणधर्म म्हणजे ते ठरावीक वेळात किती शुद्ध हवा खोलीत सोडते. या मापाला ‘सीएडीआर’ म्हणतात. ते घनफूट प्रतिमिनिट किंवा घनमीटर प्रतितास या एककांत दिले जाते. १ घनफूट प्रतिमिनिट म्हणजे सुमारे १.७ घनमीटर प्रतितास. चौरस फूट हे या मापावरून, काही गृहीतके धरून काढलेले अनुमान असते आणि गृहीतक बदलले की अनुमानही बदलते.

उदाहरणार्थ, २५० घनमीटर प्रतितास सीएडीआर असलेले यंत्र घेऊ. अमेरिकेतील गृहोपयोगी उपकरण उत्पादकांच्या संघटनेच्या नियमानुसार, खोलीच्या चौरस फुटांतील क्षेत्रफळाच्या किमान दोन तृतीयांश इतका सीएडीआर घनफूट प्रतिमिनिटात असावा. या नियमाने ते यंत्र सुमारे २२० चौरस फुटांस पुरेसे ठरते. चीनच्या राष्ट्रीय मानकात सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ ने गुणून चौरस मीटर काढतात. त्यानुसार तेच यंत्र सुमारे १८८ ते ३२३ चौरस फुटांचे होते. एखाद्या विक्रेत्याने तासाला खोलीची हवा एकदाच शुद्ध होणे पुरेसे मानले, तर ८ फूट उंचीच्या हिशेबाने त्याच यंत्रावर ११०० चौरस फूट छापता येतील. यात कोणताही आकडा गणिताच्या दृष्टीने खोटा नाही. ग्राहकाला फसवण्यास खोटेपणाची गरजच पडत नाही, ही यातील खरी अडचण आहे.

वेष्टनावरील ‘हेपा’ हा शब्दही आकारमानाविषयी काही सांगत नाही. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणे, हा त्या गाळणीचा प्रचलित निकष आहे. मात्र गाळणी कितीही बारीक असली आणि तिच्यातून पाणी थेंबथेंबच पडत असेल, तर हंडा भरत नाही.

उंचीचा विचार

उपरोक्त अमेरिकी नियमात छताची उंची ८ फूट गृहीत धरलेली आहे. त्याच संघटनेच्या चाचणीची बंदिस्त खोलीही १००८ घनफुटांची असते. आपल्याकडील सदनिकांत छत बहुधा ९ ते १० फुटांवर असते; जुन्या वाड्यांत व चाळींत ते त्याहून उंच आढळते. म्हणून क्षेत्रफळाऐवजी घनफळ मोजणे इष्ट. १० फूट × १२ फूट × ९.५ फूट या शयनकक्षाचे घनफळ ११४० घनफूट होते. तासाला ५ वेळा हवा शुद्ध व्हावी, असे मानल्यास ११४० ला ५ ने गुणून ६० ने भागावे. उत्तर ९५ घनफूट प्रतिमिनिट, म्हणजे सुमारे १६० घनमीटर प्रतितास. हीच खोली १२ फूट उंच असती तर २०४ घनमीटर लागले असते. ५ हा आकडा मनास येईल तसा घेतलेला नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये खोल्यांतील शुद्ध हवेसाठी तासाला ५ किंवा अधिक बदल हे उद्दिष्ट सुचवले आहे, आणि वर दिलेला दोन तृतीयांशांचा नियमही जवळपास तेवढ्यावरच येतो.

दिवाणखाना स्वयंपाकघराला व बोळाला दाराविना जोडलेला असेल, तर तिन्हींचे घनफळ एकत्र धरावे लागते. हवेला भिंतीवाचून हद्द समजत नाही.

बाहेरून येणारी हवा

निवडीच्या चर्चेत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा घटक म्हणजे फटींतून व खिडकीतून आत येणारी हवा. यंत्र एकीकडे कण काढत असते आणि बाहेरची हवा दुसरीकडे ते भरत असते. खोलीत काय उरते, हे या दोहोंच्या प्रमाणावर ठरते. दारे-खिडक्या बंद असताना फटींतून होणारा हवेचा बदल व कणांचे आपोआप खाली बसणे मिळून तासाला १.२ धरू. वर घेतलेल्या शयनकक्षात २५० घनमीटरचे यंत्र पूर्ण गतीने चालवले तर तासाला ७.७ वेळा हवा शुद्ध होते. ७.७ ला ८.९ ने भागले असता, यंत्राविना जे प्रदूषण असते त्यात सुमारे ८७ टक्के घट मिळते. आता खिडकी थोडी उघडी ठेवली व १.२ चे ५ झाले, तर तेच यंत्र ६१ टक्क्यांवर येते.

दुसरी बाब गतीची. वेष्टनावरील सीएडीआर सामान्यतः सर्वोच्च गतीवरील असतो. त्या गतीचा आवाज रात्री सहन होत नाही, म्हणून बहुतेक घरांत यंत्र मंद गतीवर चालते. समजा, त्या गतीवर सीएडीआर १०० उरला. तर बंद खोलीत हवेचे ३.१ बदल व ७२ टक्के घट होते. ७२ आणि ८७ यांतील अंतर किरकोळ वाटेल. परंतु पाहावयाचे ते उरलेल्या प्रदूषणाकडे. यंत्राविना खोलीत पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तर एका स्थितीत २८ उरतात आणि दुसरीत १३. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मार्गदर्शक मर्यादा १५ आहे. भारताचे २००९ चे मानक ६० आहे. दमेकऱ्यासाठी हा फरक लहान नव्हे. तात्पर्य, रात्री ज्या गतीवर यंत्र खरोखर चालणार आहे, त्या गतीचा सीएडीआर विचारून त्यावरून निवड करावी. तो आकडा विक्रेता देत नसेल, तर हिशेबाने येणाऱ्या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचे यंत्र घेऊन ते मंद चालवणे अधिक शहाणपणाचे. झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास मात्र ते पूर्ण गतीने चालवावे. तेवढ्या अवधीत बंद खोली बऱ्याच अंशी स्वच्छ होते.

आकारमानाने न सुटणारे प्रश्न

खोली बंद ठेवण्याचा सल्ला अमर्याद पाळता येत नाही. तीन माणसे निजलेल्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि कोणतेही हेपा यंत्र, मग ते कितीही मोठे असो, तो काढू शकत नाही. सर्वसाधारण स्प्लिट वातानुकूलन यंत्रही बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवते. यासाठी खिडक्या उघडण्याची वेळ निवडावी. हिवाळ्यात रात्री व पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो व प्रदूषण साचते. दुपारी ऊन तापल्यावर हवा वर मिसळते. म्हणून पहाटेच्या ‘ताज्या’ हवेसाठी खिडक्या उघडण्याची जुनी सवय शहरात या ऋतूपुरती दुपारवर ढकलणे बरे.

उदबत्ती, डासांची कॉइल आणि फोडणीचा धूर यांचा उगम घरातच असतो. हा धूर काढण्यासाठी मोठे यंत्र घेण्यापेक्षा उगमाशीच चिमणी किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा लावणे स्वस्त व परिणामकारक ठरते. आयन सोडणाऱ्या काही यंत्रांतून ओझोन निर्माण होतो व तो श्वसनमार्गास अपायकारक आहे. रुग्ण असलेल्या घरी अशी यंत्रे टाळावीत. राहता राहिला गाळणीचा खर्च. मोठ्या यंत्राची गाळणीही बहुधा महाग असते, आणि धुळीने भरलेल्या गाळणीतून हवा कमी वाहत असल्याने खरेदीच्या दिवशीचा सीएडीआर काही महिन्यांनी उरत नाही. त्यामुळे यंत्राच्या किमतीसोबत गाळणीची किंमत व ती बदलण्याचा कालावधी दुकानातच लिहून घ्यावा.