आधी मच्छीमार, मग आराखडा

सुरतजवळच्या हजिऱ्याच्या मच्छीमारांना बंदराच्या विस्ताराविरुद्ध दाद मागायला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावं लागलं. किनाऱ्यावरचे निर्णय किनाऱ्याला न विचारता झाले, की भांडण अटळच असतं. मग तो प्रकल्प बंदराचा असो वा निसर्गरक्षणाचा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्याचा गाभा ठरलं. पण मासेमारी बंद होईल या धास्तीनं मच्छीमारांनी त्याला कायम विरोध केला. स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपूनच अशा क्षेत्राची हद्द ठरवावी, ही तरतूद वन्यजीव कायद्यात आली ती 1991 च्या दुरुस्तीनं.

मच्छीमारांशी सल्लामसलत करण्यात वेळ जातो आणि समुद्रातल्या प्रवाळांचा ऱ्हास तोवर थांबत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण लोकांचा विश्वास नसलेला संरक्षणाचा आराखडा राबवायला त्याहून जास्त वर्षं लागतात. मच्छीमारांना फक्त आजची कमाई दिसते, हा दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांमुळे मासळी संपते म्हणून त्यांवर निर्बंध मागणाऱ्यांत किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले पारंपरिक मच्छीमारच पुढे होते. म्हणून नकाशावर रेघ ओढण्याआधी वनखात्यानं मच्छीमार सोसायट्यांसोबत बसावं, आणि आराखड्यावर त्यांचीही सही असावी.