वर्गातील लेखनाचा वाचक : ‘छात्रालय दैनिक’ ते झाडीबोलीचा प्रदेश

शालेय निबंधाला बहुधा एकच वाचक असतो आणि तो गुण देणारा असतो. त्याला ठाऊक असलेलीच गोष्ट त्याला सांगावयाची, अशी ही विलक्षण संज्ञापनव्यवस्था आहे. संगणकाच्या पडद्यावरील अनुदिनी वर्गात आणावी असे आज सुचविले जाते. त्या सूचनेचा गाभा यंत्रात नसून वाचकात आहे. लिहिणाऱ्यास खरा वाचक मिळाला, तर त्याचे लेखन बदलते काय, हा मूळ प्रश्न होय.

मराठीत या प्रश्नाला जुना इतिहास आहे. 1924 मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. छपाई नाही, वर्गणी नाही, वाचक मात्र रोज समोर वावरणारे. 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले आणि 1930 साली सत्याग्रहासाठी शाळा सोडली. दैनिकाचे सामर्थ्य त्याच्या नित्यतेत होते. स्नेहसंमेलनासाठी सुवाच्य अक्षराच्या मुलांकडून सजवून घेतलेले आणि नंतर कपाटात बंद होणारे वार्षिक हस्तलिखित या जातीचे नव्हे. मात्र ‘छात्रालय दैनिक’ हे प्रामुख्याने शिक्षकाचे लेखन होते. लेखणी मुलांच्या हाती देण्याचा प्रश्न त्यापुढचा. त्याच 1924 साली फ्रान्समध्ये सेलेस्टाँ फ्रेने या शिक्षकाने वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले. मुले स्वतःचे मजकूर जुळवून छापू लागली आणि ते दूरच्या ब्रिटनी प्रांतातील शाळेला धाडू लागली. अपरिचित वाचक आला की गृहीत धरलेले सारे उलगडून सांगावे लागते, हे तेथे प्रत्ययास आले.

हे तत्त्व गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील केशोरीसारख्या गावी लावून पाहिले, तर प्रश्न अधिक टोकदार होतो. हा धानाचा, झाडीबोलीचा आणि गोंडीच्या शेजाराचा प्रदेश. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो : पाणी ‘पानी’, डोळा ‘डोरा’. येथील विद्यार्थ्याने ‘बांधीत रोवनी सुरू हाये’ असे लिहिले, तर लाल शाई कोठे थांबावी? ‘रोवनी’चे ‘रोवणी’ करणे ही लेखनरूढीची बाब आहे. परंतु ‘रोवणी’ खोडून ‘लावणी’ करणे म्हणजे एका प्रदेशाचा शब्दच काढून घेणे होय. या दोन दुरुस्त्या वेगळ्या आहेत हे आपल्या तपासणीत क्वचितच पाळले जाते. मूल मग पाठ्यपुस्तकातील भाषेत, न पाहिलेल्या समुद्रावर निबंध लिहिते.

हेच वाक्य अमळनेरच्या एखाद्या वर्गाने वाचले, तर काय होईल, याची कल्पना करावी. खानदेशातील कापसाच्या शेताजवळ वाढलेला, घरी अहिराणी बोलणारा मुलगा सहज विचारील : बांधी म्हणजे काय? रोवणी कशाची? उत्तर देताना केशोरीच्या विद्यार्थ्यास बांध घालून पाणी अडविलेल्या शेताचे वर्णन करावे लागेल. परहे आधी वेगळ्या जागी का वाढवितात, चिखल का करतात, बोडीतील पाणी केव्हा सोडतात, हे क्रमाने मांडावे लागेल. स्पष्टीकरणात्मक गद्याचा याहून चांगला पाठ पुस्तकात सापडणार नाही. ज्याला आपली बोली उणी वाटत होती, तोच येथे जाणकार ठरतो. प्रमाण मराठीची गरजही त्याला त्याच क्षणी उमगते, कारण अहिराणी आणि झाडीबोली यांना भेटण्यास एक सामाईक अंगण हवे असते.

शिक्षकाचे काम येथे कमी होत नाही, त्याचा क्रम बदलतो. प्रथम वाचकाचे पत्र, मग लेखकाचे उत्तर, आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी, तीही शक्यतो खाजगीत. भित्तिपत्रकावर सर्वांदेखत ओढलेली लाल रेघ पुढचे लेखन थांबविते. पडद्यावर ती पुसताही येत नाही. दोन शाळांची अशी देवघेव पोस्टकार्डावरही चालेल. वीज आणि जोडणी यांचा भरवसा नसेल तेथे पोस्टकार्डच अधिक विश्वासू. फक्त पत्रांची वही दोन्ही वर्गांत जपावी, आणि तिच्या मागील पानांवर विचारले गेलेले शब्द अर्थांसह मुलांनीच उतरवीत जावेत.